बाई, तो कागद मी भरला होता

बाई,

तुमच्या तिसऱ्या दिवसाला मी पांढुर्ण्याला पोचले. ओसरीवरच्या बायका सरकल्या, त्यांनी मला जागा केली आणि एक जण आत जाऊन तुमच्या यजमानांना, काकांना म्हणाली, "बाईची सुनीता आली जी." दुसरीनं तिसरीला सांगितलं, हीच ती सौंसरची, बाईंनी शिकवलेली, आता मोठ्या संघासाठी हॉकीच्या मुली निवडते. मी मान खाली घालून बसले. त्यांना वाटलं, मी रडते आहे. मी रडत नव्हते. मला फक्त कोणाच्या नजरेला नजर द्यायची नव्हती.

गर्दीत मी काजलला शोधत होते. तुमच्या जुन्या पोरी आल्या होत्या, कोणी बैतूलहून, कोणी छिंदवाड्याहून, एक तर कडेवर तान्हं घेऊन. पण जी नववीपासून तीन वर्षं तुमच्याच घरात राहिली, तुमच्याच ताटात जेवली, ती रामाकोन्याहून आली नव्हती. बायका पांगल्यावर मी काकांना विचारलं. काका दाराशी खुर्चीवर बसले होते.

"ते येनार नाही," काका म्हणाले. "सहा महिने झाले, ते अन् तुह्या बाई बोलत नव्हत्या. तुले माहीत नाही?"

"नाही काका. काऊन?"

"त्या कागदावरून."

मला वाटलं, आता काका माझ्याकडे रोखून पाहतील. त्यांनी पाहिलं नाही. त्यांना ठाऊकच नव्हतं. तुम्ही त्यांनाही सांगितलं नव्हतं.

बाई, मी तेरा वर्षांची असताना सौंसरहून बसनं तुमच्या मैदानावर यायची. खेळायच्या आधी प्रत्येकीनं दहा गोटे वेचून बाहेर टाकायचे, हा तुमचा नियम. "टाकू नका, ढीग करा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीले सावरगाववाल्यायले देऊ," असं तुम्ही म्हणायच्या आणि आम्ही हसत सुटायचो. मैदान तसं होतं की नीट मारलेला चेंडूही मध्येच उडून नडगीवर बसायचा. त्यावर तुम्ही आम्हाला चेंडू थांबवायला शिकवलं. पुढे टर्फवर गेल्यावर मला कळलं की तिथं चेंडू किती सरळ येतो, आणि पांढुर्ण्याच्या पोरीला तो थांबवणं किती सोपं जातं.

संघ निवडताना तुम्ही आधी बाकावरच्या पोरी निवडायच्या. सगळे अकरापासून सुरुवात करतात, तुम्ही बारावी-तेरावी-चौदावीपासून. कारण विचारलं तर म्हणायच्या, "जे पोरगी पूर्ण मॅच बसून राहीन अन् तरी तोंड पाडनार नाही, ते पहिले शोधून ठेवाव लागते. खेळनाऱ्या तर दिसतातच." मी हे वाक्य पुढे कितीतरी बैठकांमध्ये माझं म्हणून वापरलं. व्यावसायिक संघात मला घेतलं तेव्हा मुलाखतीतही वापरलं. समोरच्या माणसानं ते लिहून घेतलं होतं. तेव्हाच तुमचं नाव घ्यायला हवं होतं.

तुमचंही सगळं बरोबर नसायचं. माधुरीला तुम्ही दोन वर्षं थांबवून ठेवलं. "अजून कच्ची आहे" म्हणालात, ग्वाल्हेरच्या अकादमीच्या ट्रायलला पाठवलं नाही, आणि तिसऱ्या वर्षी तिचं लग्न झालं. ती आमच्यातली सगळ्यात चांगली फॉरवर्ड होती. तुम्ही तिच्या लग्नात जेवला नाहीत, एवढंच मला आठवतं. तिचा विषय निघाला की तुम्ही गोलकीपरचे पॅड आवरायला उठायच्या. हाच आपला भांडणाचा मुद्दा होता आणि तो कधी मिटला नाही. तुम्ही म्हणायच्या, पोरीच्या अंगाला वेळ द्या. मी म्हणायचे, अंगाला वेळ आहे, घरच्यांकडे नाही.

काजलवरून तेच भांडण पुन्हा झालं. आमच्या संघात विशीच्या आतल्या मुलींसाठी दोन जागा होत्या. मी दोन महिने गावोगाव फिरले होते आणि मनासारखी फुल बॅक सापडत नव्हती. शेवटी तुमच्याकडे आले. त्या दिवशी काजलनं एका पेनल्टी कॉर्नरवर कमरेतून पीळ देत, चेंडू काठीवर ओढून ड्रॅग फ्लिक मारला. चेंडू जाळीच्या वरच्या कोपऱ्यात गेला आणि मी तुमचा हात धरला. सतरा वर्षांची पोरगी, मातीच्या मैदानावर! मला त्या क्षणी आमच्या संघाची पूर्ण यादी डोळ्यांसमोर दिसली. एकच जागा रिकामी उरली होती आणि तीही आता भरली होती.

"हे पोरगी देत नाही," तुम्ही म्हणालात.

"बाई, मागायला नाही आले. तिला विचारायला आले."

"दोन वर्षानं विचार."

"तुमची दोन वर्षं म्हणजे तिच्या घरी पाहुणे यायची दोन वर्षं. माधुरीचं काय झालं?"

ते मी म्हणायला नको होतं. मग मला हाताला धरून शाळेच्या पायऱ्यांकडे नेलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "तिकडं पाह्य. बूट बांधून राहिली ते पाह्य." काजलनं पाय वरच्या पायरीवर ठेवला होता आणि ताठ उभी राहून ती लेस बांधत होती. "ते वाकत नाही. सकाळी उठली की तिची कंबर धरते. मले सांगत नाही, पण मले दिसते. हाड अजून कवळं आहे तिचं. मी आठवड्यातून वीसच फ्लिक मारू देतो. तुमच्याकडं कोण मोजीन?"

"मी मोजीन," मी म्हणाले.

तुम्ही मान हलवलीत. कबूल केलंत असं नाही, पण माधुरीचं नाव मध्ये आल्यावर तुम्हाला काजलला अडवता येईना. आठ दिवसांनी तुम्ही आम्हाला स्टेशनवर सोडायला आलात. काजलच्या बॅगेत गरम पाण्याची रबरी पिशवी कोंबलीत. गाडी सुटायच्या आधी खिडकीच्या गजातून हात घालून माझं मनगट धरलंत. "आठवड्याले वीस. सुनी, अठरा पूर्ण होऊ दे तिले. मंग काय करायचं ते कर." मी हो म्हणाले. तिगाव स्टेशन जाईपर्यंत काजल खिडकीला नाक लावून रडत होती आणि मी तिला आमच्या टर्फचे फोटो दाखवत होते.

पहिला दीड महिना मी खरंच मोजले, बाई. हे तुम्हाला कळावं असं वाटतं. सराव संपला की मी फिजिओला विचारायचे, आज किती. पाच. आज सहा. बास. काजल चिडायची.

मग आमच्या मोठ्या फ्लिकरच्या मांडीचा स्नायू फाटला. हंगाम ऐन मध्यावर, ओळीनं चार सामने. मुख्य प्रशिक्षकांनी बैठकीत माझ्याकडे वळून विचारलं, "तुझी ती पोरगी. मारेल का?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. कोणी माझा गळा धरला नव्हता. 'तिची पाठ कच्ची आहे, अठरा पूर्ण होईपर्यंत नको' एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण ते म्हणाले 'तुझी ती पोरगी', आणि मला ते ऐकायला फार आवडलं. माझी निवड. मी शोधलेली. मी म्हणाले, "मारेल."

तिनं मारले. पहिल्याच सामन्यात गोल झाला, तिसऱ्यात दोन. पेपरात तिचा फोटो आला तो तुम्ही शाळेच्या फळ्यावर लावल्याचं काका सांगतात. तुम्ही मला फोन केला होतात, आठवतं? "चांगली खेळून राहिली. पण सुनी, फ्लिक किती होऊन राहिले?" मी म्हणाले, "फक्त सामन्यात, बाई." तेव्हा ती रोज साठ मारत होती. मी उभी राहून पाहत होते.

एका दुपारी सरावाआधी काजलनं बाकावर पाय ठेवला आणि ताठ उभी राहून लेस बांधली. मी दहा हातांवर होते. मी पाहिलं आणि हातातल्या फोनकडे पाहू लागले. त्यानंतर सहा-सात दिवसांनी ती सरावात खाली बसली ती उठलीच नाही. कमरेच्या मणक्याला बारीक भेग. डॉक्टर म्हणाले, वाढीच्या वयात ताण जास्त पडला की होतं.

आता त्या कागदाचं. दुखापतीचा एक फॉर्म असतो, निवड करणाऱ्याला तो भरावा लागतो. त्यात एक रकाना असतो, खेळाडूचा पूर्वीचा त्रास. मी खूप वेळ पेन हातात धरून बसले. मग इंग्रजीत लिहिलं की मुलीला संघात येण्याआधीपासून पाठदुखी होती, आणि तिच्या आधीच्या प्रशिक्षणात फ्लिकचा अतिरेक झाला होता.

पहिली गोष्ट खरी होती. ती मला कोणी सांगितली होती? तुम्ही. शाळेच्या पायऱ्यांपाशी, हाताला धरून, विश्वासानं. तुम्ही मला जे सावध करायला सांगितलं, ते मी तुमच्यावरच उलटवलं. आणि दुसरी गोष्ट, आठवड्याला वीसच्या वर एक फ्लिक न मारू देणाऱ्या बाईंवर मी अतिरेकाचा आळ घेतला. त्या एका ओळीमुळे संघ मोकळा झाला. दुखापत जुनी ठरली, काजलला घरी पाठवलं गेलं आणि तिच्या उपचारांची जबाबदारी कोणाचीच राहिली नाही. मी माझ्या जागेवर राहिले.

त्या कागदाची एक प्रत तिच्या घरी गेली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काजलच्या वडिलांना इंग्रजी येत नाही. ते तो कागद घेऊन कोणाकडे आले असतील?

हे मला काकांनी तिसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर बसून सांगितलं. काजल आणि तिचे वडील समोर बसले होते. तुम्ही चष्मा लावला, कागद वाचला, पुन्हा वाचला. मग त्यांना मराठीत वाचून दाखवला, एक शब्द न गाळता. आणि म्हणालात, "बरोबर लिहिलं आहे. माह्याच हातून चूक झाली. मीच तिले जास्त मारायले लावले. तिच्या कवळ्या हाडाले वीसही जास्तच होते, ते इथंच चिरलं."

काका म्हणाले, "मी आतून आयकून राहिलो होतो. मले आश्चर्य वाटलं. मी म्हटलं, तू तर मोजत होती. तर मले म्हणे, तुम्ही मधात पडू नका."

काजल उठून गेली. तिचं सामान नंतर तिचा बाप घेऊन गेला. तुम्ही तीनदा बसनं रामाकोन्याला गेलात आणि तीनही वेळा ती घरी नव्हती. मग दर रविवारी काका जायला लागले. नागपूरच्या डॉक्टरनं पाठवले असं सांगून व्यायामाचे कागद द्यायचे. तुमचं अक्षर तिला ओळखू येऊ नये म्हणून ते तुम्ही शाळेतल्या दुसऱ्या बाईंकडून लिहून घेत होता.

मला तुम्ही एकदाच विचारलंत. फोनवर. "सुनी, तो कागद तू भरला का?"

"नाही बाई. डॉक्टरांनी."

"बरं," तुम्ही म्हणालात. मग विचारलंत, "जेवली का?"

फॉर्मच्या खाली नाव नव्हतं, नुसती माझी गिचमिड सही होती, बाई. तुम्ही ती पाहिली होती. सातवीपासून तुम्ही माझी सही ओळखता. तरी तुम्ही मला खरं बोलायची एक संधी दिलीत, आणि मी ती घालवली, तेव्हा जेवण झालं का म्हणून विचारलंत. त्यानंतर मी तुम्हाला फोन केला नाही. पोळ्याला येते म्हणाले होते, आले नाही. तुमचे दोन मिस कॉल अजून माझ्या फोनमध्ये आहेत. सराव चालू होता, असं मी स्वतःला सांगितलं.

मी हे खूपदा उलटून-पालटून पाहिलं. तुम्ही का घेतलंत अंगावर? मला वाचवायला? की काजलनं खेळावरचा, संघावरचा विश्वास गमावू नये म्हणून? की माधुरीचं काही फेडायचं होतं? मला तुमचा रागही येतो. तुम्ही मला वाचवलंत आणि त्या पोरीजवळचं तिचं हक्काचं माणूस काढून घेतलंत. पण हा राग धरायचा हक्क मला नाही, हेही कळतं. तुम्ही जे केलंत ते माझ्या एका ओळीमुळे करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रामाकोन्याला गेले. काजल ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटत होती. तिला खाली फार वेळ बसता येत नाही. तिचे वडील दारात फवारणीचा पंप धूत होते. मला पाहून ती खूश झाली, हे सगळ्यात वाईट होतं. "दीदी! या ना, बसा."

मी बसले नाही. "काजल, बाईंचं कळलं ना?"

तिचं हसू मावळलं. "हो."

"तो कागद मी भरला होता."

"कोणता?"

"तुझ्या पाठीचा. आधीपासून दुखत होतं, बाईंनी जास्त फ्लिक मारायला लावले, ते मी लिहिलं. ते खोटं होतं. बाईंनी मला सांगून ठेवलं होतं, आठवड्याला वीसच. मी तुला साठ मारू दिले. चूक माझी होती."

"पन बाई तर स्वतः म्हनाल्या..."

"खोटं बोलल्या. माझ्यासाठी."

तव्यावरची पोळी करपायला लागली. तिच्या वडिलांनी आत येऊन गॅस बंद केला. काजल लाटणं हातात धरून तशीच उभी होती. ती म्हणाली, "त्या तीनदा आल्या होत्या. मी घरीच होती. मागच्या दारानं वावरात जाऊन बसत होती. तिसऱ्या वेळी त्या दोन घंटे थांबल्या. मी तुरीतून पाहून राहिली होती." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "मंग मी सहा महिने बाईसोबत बोलली नाही, ते कायच्यासाठी?"

मी तिच्या हातातलं लाटणं घ्यायला गेले. तिनं ते दिलं नाही.

तिचे वडील ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "ताई, तुम्ही आता जा." मी बस थांब्यावर चालत गेले. मागून काजलच्या रडण्याचा आवाज मोठ्यानं येत होता आणि रस्त्यावरची माणसं माझ्याकडे पाहत होती.

सौंसरला घरी येऊन मी संघाला पत्र लिहिलं. काय घडलं ते क्रमानं, माझ्या वाक्यासकट, माझ्या सहीसकट. दोन दिवसांनी मुख्य प्रशिक्षकांचा फोन आला. ते विचारत होते, हे आता कशाला? मी म्हणाले, आताच लिहिता आलं. सध्या मला निवडीच्या कामातून बाजूला केलं आहे आणि चौकशी होईपर्यंत घरी थांबायला सांगितलं आहे. काजलला मात्र त्यांनी तपासणीला बोलावलं आहे, आणि उपचारांचं पुन्हा पाहू म्हणाले. तिच्या डॉक्टरांचं म्हणणं आहे, पुढच्या वर्षी ती धावेल. फ्लिक नाही. तो कधीच नाही.

तेरवीला ती आली. वडिलांबरोबर, पांढरी ओढणी घेऊन. तुमच्या फोटोसमोर इतका वेळ उभी राहिली की मागच्या बायका खोळंबल्या. काकांनी तिला आत नेलं. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते आणि ती सरळ मैदानाकडे चालू लागली. जिल्ह्याच्या वरच्या, संभाग स्पर्धेची नावं दुसऱ्या दिवशी द्यायची होती, पोरी मैदानावर नुसत्या बसून होत्या, आणि शाळेनं नवीन कोणी नेमलं नव्हतं.

मी लांबून, बोरीखालून पाहत होते. तिनं पोरींना दोन तास खेळवलं. स्वतः स्टिक धरली नाही. कमरेवर हात ठेवून कडेनं चालत राहिली. मग सगळ्यांना गोल बसवून नावं सांगितली. पहिली तीन नावं ऐकून मी वळले, कारण त्या तीन पोरी बाकावरच्या होत्या आणि मला तिथं उभं राहवलं नाही.

ती मागून आली. मी पळाले असते तर तिला धरता आलं नसतं, तरी मी थांबले.

"दीदी, मी तुम्हाले माफ नाही केलं," ती म्हणाली.

"हो."

"करीन का नाही तेही माहीत नाही."

"हो, काजल."

"पन या पोरींच्या हाफले मार्किंगच येत नाही. मी फुल बॅक होती, तुम्ही हाफ होत्या. मले ते शिकवता येत नाही. बाई असत्या तर..." तिनं गळ्यातली ओढणी नीट केली. "तुम्ही मंगळवारी येजा. पाच वाजता. शिकवा अन् जा. माह्यासोबत बोलू नका."

बाई, आज मंगळवार आहे. सौंसरहून साडेतीनची बस आहे. मी निघते.

तुमची,
सुनीता